काटकसरीची संहिता आणि समीक्षेचे मौन

१

मराठी समीक्षेने गेल्या चार दशकांत पुष्कळ संहिता वाचल्या. संरचनावादापासून विरचनेपर्यंत आणि देशीवादापासून उत्तर-वसाहतवादापर्यंत जे जे वाचनव्यूह उपलब्ध झाले, ते तिने कवितांवर, कादंबऱ्यांवर, क्वचित आत्मकथनांवर चालवून पाहिले. भाषेत जे जे घडते ते वाचनीय असते, हे सूत्रही तिने तत्त्वतः मान्य केले. परंतु ज्या मराठी गद्याने या काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांच्या आयुष्याला प्रत्यक्ष आकार दिला, ते गद्य तिने हाती धरले नाही. हे गद्य म्हणजे शासन निर्णय. त्याची रचना ठरलेली असते : आधी 'संदर्भ', मग 'प्रस्तावना', मग 'शासन निर्णय'. त्याला लेखक नसतो. तो महाराष्ट्राच्या राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने निघतो. त्यातील क्रियापदे बहुतांशी कर्मणी असतात : 'मान्यता देण्यात येत आहे', 'वगळण्यात येत आहे', 'निर्बंध घालण्यात येत आहेत'. कर्ता लपविण्याची इतकी काटेकोर व्यवस्था मराठीच्या दुसऱ्या कोणत्याही गद्यप्रकारात नाही. तरीही शैलीविज्ञानावर ग्रंथ लिहिणाऱ्या आमच्या अभ्यासकांना या शैलीचा विचार करावासा वाटला नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. सरकारी काटकसर हे तिजोरीच्या रिकामेपणाचे नाव आहे, असे आपणांस सांगितले जाते. वस्तुतः राज्यसंस्था आपल्या नागरिकांपैकी कोणाशी कायमची बांधील राहणार आणि कोणाशी राहणार नाही, याविषयीचा तो निर्णय असतो. हा निर्णय अर्थसंकल्पातील आकड्यांत दिसण्यापूर्वी भाषेत घेतला जातो. एखाद्या विशेषणात, एखाद्या पदनामात, वेतनासाठी वापरलेल्या पर्यायी शब्दात तो आधी स्थिरावतो. म्हणूनच तो वाचणे हे अर्थशास्त्रज्ञाइतकेच समीक्षकाचेही काम आहे, आणि ते त्याने केलेले नाही. येथे पुराव्यासाठी शाळेची, ग्रंथालयाची आणि नागपूरच्या दक्षिण कडेवरील हुडकेश्वर या वस्तीची उदाहरणे घेतली आहेत.

२

'कायम' या शब्दापासून आरंभ करू. मराठी मध्यमवर्गाच्या आणि मध्यमवर्गात येऊ पाहणाऱ्या वर्गाच्या शब्दकोशात या शब्दाइतका आश्वासक दुसरा शब्द नाही. मुलगा 'कायम झाला' म्हणजे काय, हे विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात सांगावे लागत नाही. त्यानंतर घराची कौले बदलली जातात, बहिणीचे लग्न ठरते, सावकाराचा हिशेब मिटतो.

आता याच शब्दाचे शासकीय आयुष्य पाहा. २४ नोव्हेंबर २००१ च्या शासन निर्णयाने राज्यात नव्या शाळांना मान्यता देण्यासाठी 'कायम विनाअनुदान' हे तत्त्व स्वीकारले गेले. तत्पूर्वी नव्या शाळेने काही वर्षे स्वतःच्या बळावर काढावीत आणि मग टप्प्याटप्प्याने तिला अनुदान मिळावे, असा प्रघात होता. 'विनाअनुदानित' ही एक तात्पुरती अवस्था होती. तिच्या आधी 'कायम' हे विशेषण लागताच तात्पुरती अवस्था नियती बनली. जो शब्द शिक्षकाच्या नेमणुकीला लागावा अशी त्याच्या आईबापांची आस होती, तो त्याच्या शाळेच्या निधनतेला लागला. माणूस अस्थायी आणि वंचितता तेवढी स्थायी, असा हा अर्थविपर्यास आहे. एखाद्या कवीने तो साधला असता, तर त्याच्या उपरोधशक्तीवर आम्ही लेख लिहिले असते.

पुढे २० जुलै २००९ च्या शासन निर्णयाने हा 'कायम' शब्द वगळण्यात आला. वगळला तो शब्द. पैसा आला नाही. शाळांचे मूल्यांकन, त्याचे निकष, निकषांच्या दुरुस्त्या, पात्र शाळांच्या याद्या आणि याद्यांची फेरतपासणी यांत सात वर्षे गेली आणि १९ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयाने वीस टक्के अनुदान देण्याचे ठरले. एक शब्द खोडणे आणि पहिला रुपया हाती पडणे यांच्यामध्ये सात वर्षांचे अंतर आहे. त्यानंतरही हे अनुदान 'टप्पा' या नव्या शब्दाच्या स्वाधीन झाले. वीस, चाळीस, साठ अशा पायऱ्या ठरल्या; प्रत्येक पायरीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसणे भाग पडले. जुलै २०२५ मध्येही हे शिक्षक त्याच मैदानावर होते. २००१ साली पंचविशीत असलेला शिक्षक आज पन्नाशीला टेकला आहे. त्याच्या सबंध कर्तेपणाचा काळ एका विशेषणाच्या लावण्यात, खोडण्यात आणि खोडल्याची अंमलबजावणी होण्याची वाट पाहण्यात गेला.

या शिक्षकाने या काळात काय खाल्ले, हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या कोणत्याही शीर्षाखाली येत नाही. कोणी सकाळी शाळा आणि दुपारी शेतमजुरी केली, कोणी शिकवण्या घेतल्या, कोणी बायकोच्या शिवणयंत्रावर घर चालविले. राज्याने जी रक्कम 'वाचविली' ती अशा हजारो घरांनी भरली. त्या अर्थाने गेल्या पाव शतकातील महाराष्ट्राच्या शिक्षणविस्ताराला सर्वांत मोठी देणगी कोणी दिली असेल, तर ती या बिनपगारी माणसांनी. त्यांचे नाव मात्र कोणत्याही कोनशिलेवर नाही.

३

दुसरा शब्द 'सेवक'. २००० साली राज्याने शिक्षणसेवक योजना आणली. नव्याने लागणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे 'शिक्षक' म्हणावयाचे नाही, त्याला 'शिक्षणसेवक' म्हणावयाचे. त्याला वेतन द्यावयाचे नाही, 'मानधन' द्यावयाचे. दशकभराहून अधिक काळ हे मानधन प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरांवर अनुक्रमे दरमहा सहा, आठ आणि नऊ हजार रुपये राहिले. ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले ते जानेवारी २०२३ पासून. दरम्यान महागाई वाढत होती, नियमित शिक्षकाचा महागाई भत्ता वाढत होता. सेवकाला महागाई लागू नसते, असे शासनाचे गृहीत असावे.

या शब्दांची निवड सहज झालेली नाही, आणि समीक्षकाने येथे थांबले पाहिजे. 'सेवा' हा शब्द मराठीत सातशे वर्षांच्या भक्तिपरंपरेने घडविलेला आहे. सेवेचे मोल मागावयाचे नसते, सेवा हेच सेवेचे फळ, हा त्याचा संस्कार आहे. 'मानधन' या समासातही धनाच्या आधी मान येतो. घेणाऱ्याने रक्कम मोजावयाची नाही, देणाऱ्याची भावना पाहावयाची, असे तो शब्द सुचवितो. गावात कीर्तनकाराला नारळ आणि पाकीट देताना हा शब्द शोभतो. परंतु राज्यसंस्था जेव्हा हाच शब्द पूर्णवेळ कामासाठी वापरते, तेव्हा भक्तीच्या भाषेचे भांडवल ती मजुरी कापण्यासाठी उपयोगात आणते. वेतन थकले तर तक्रार करता येते. मानधन थकले तर कुरकुर केली असे होते. हक्काचे रूपांतर कृपेत करण्याचे काम व्याकरणाने परस्पर पार पाडलेले असते. अंगणवाडी 'सेविका', 'मदतनीस', 'आशा' ही सारी पदनामे याच घराण्यातील आहेत, आणि त्या पदांवर प्रामुख्याने स्त्रिया आहेत हा योगायोग नाही. घरातील स्त्रीचे श्रम जसे 'माया' या नावाने हिशेबाबाहेर ठेवले गेले, तसेच राज्याच्या घरातील स्त्रीचे श्रम 'सेवा' या नावाने.

हे वाचन काल्पनिक आहे, असे कोणास वाटेल. त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २५ एप्रिल २०२२ चा निकाल आहे. गुजरातमधील अंगणवाडी सेविका व मदतनीस यांच्या उपदानासंबंधीचे ते प्रकरण होते. त्यांना मिळते ते मानधन आहे, वेतन नव्हे, म्हणून उपदानाचा कायदा त्यांना लागू होत नाही, असा सरकारपक्षाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. कामाचे स्वरूप पाहून मानधन हे वेतनच ठरविले आणि उपदानाचा हक्क मान्य केला. म्हणजे एका शब्दाच्या आड काय दडले आहे, ते उकलून दाखविण्याचे काम न्यायाधीशांनी केले. ज्यांच्या व्यवसायाचे नावच अर्थनिर्णय आहे ते समीक्षक त्या वेळी कोठे होते, हा प्रश्न विचारणे अनुचित ठरू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये या परिभाषेने आणखी एक पाऊल टाकले. ६ सप्टेंबरच्या शासन निर्णयाने विविध शासकीय कामांसाठी नऊ खाजगी संस्थांमार्फत 'बाह्ययंत्रणेद्वारे मनुष्यबळ' घेण्याची व्यवस्था केली. 'सेवक' या शब्दात निदान माणूस शिल्लक होता. 'मनुष्यबळ' या शब्दात माणसाचे केवळ बळ उरले. तरुणांच्या तीव्र विरोधानंतर ऑक्टोबर महिन्यात तो निर्णय रद्द करावा लागला. ही बाब महत्त्वाची आहे : ज्यांना आपण अवाचक पिढी म्हणतो, त्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी ती संहिता वाचली, तिचा अन्वयार्थ लावला आणि ती मागे घ्यावयास लावली.

४

काटकसरीचे समर्थक म्हणतील की खर्च कमी झाला, ही तर चांगली गोष्ट. येथे मूळ प्रश्न असा की खर्च खरोखर कमी झाला काय? त्यासाठी हुडकेश्वरकडे वळू.

नागपूरच्या म्हाळगीनगर चौकातून दक्षिणेकडे जाणारा रस्ता हुडकेश्वरला जातो. हे मूळचे खेडे. शहराच्या मध्यवस्तीत जागा घेणे ज्यांना परवडत नव्हते, अशा कारकुनांनी, शिक्षकांनी, छोट्या दुकानदारांनी, पोलीस शिपायांनी येथील शेतांवर पडलेल्या ले-आउटमध्ये भूखंड घेतले. 'ले-आउट' हा शब्द नागपुरी मराठीत इतका रुळला आहे की त्याला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणास वाटत नाही. त्यात कागदावर रस्ते असतात, उद्यानासाठी राखलेली जागा असते; प्रत्यक्षात पुष्कळदा माती असते. अशा अनधिकृत भूखंडांसाठी २००१ साली गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा झाला. रहिवाशाने विकासशुल्क भरावयाचे, मग ले-आउट नियमित व्हावयाचे, मग सोयी यावयाच्या, असा तो क्रम. २०१३ साली हुडकेश्वर आणि शेजारचे नरसाळा ही गावे नागपूर महानगरपालिकेत आली. तोवर घरे उभी राहून गेली होती; जलवाहिनी आणि मलवाहिनी मागाहून यावयाच्या होत्या.

या क्रमाचा अर्थशास्त्रीय आशय पाहावा. नळ नाही म्हणून खर्च थांबत नाही. प्रत्येक घर आपली कूपनलिका खणते, आपली मोटार बसविते, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहते. मलवाहिनी नाही म्हणून प्रत्येक घर आपली टाकी बांधते. हजार घरांनी हजार वेळा केलेला हा खर्च एका सामायिक योजनेपेक्षा कमी असेल, असे कोणताही अभियंता म्हणणार नाही. तो केवळ सरकारी जमाखर्चात दिसत नाही. खर्च नाहीसा होत नाही. त्याचा पत्ता बदलतो. शासकीय वहीतून तो घरातल्या वहीत जातो आणि तेथे त्याचे नाव 'तूट' नसते, 'ओढाताण' असते.

शिक्षणाचे तेच. २०१२ साली राज्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा केला. या समासातील 'स्वयं' म्हणजे कोण, हा साधा प्रश्न विचारावा. संस्थाचालक स्वतःच्या खिशातून शाळा चालवितो, असा त्याचा शब्दशः अर्थ. प्रत्यक्षात ती चालते पालकाच्या शुल्कावर. येथे कर्ता लपविण्याचे काम कर्मणी प्रयोगाऐवजी समासाने केले आहे. शहराच्या अशा कडेच्या वस्त्यांत इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे फलक का वाढले, याची चर्चा आम्ही मराठीविषयीच्या अनास्थेच्या अंगाने करतो आणि पालकांना दोष देऊन मोकळे होतो. परंतु ज्या राज्याने मराठी शाळेच्या नावापुढे 'कायम विनाअनुदानित' लिहिले, शिक्षकाला सेवक केले आणि मग २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव पुढे आणला, त्याने पालकाला आधीच सांगून टाकले होते की या शाळेचा भरवसा धरू नका. या शाळांत १,८५,४६७ विद्यार्थी शिकत होते. भाषेचा अभिमान संमेलनात आणि भाषेच्या शाळेवर कात्री, ही विसंगती पालकाला आमच्याआधी कळली. त्याने शुल्क भरले. ते त्याच्या मराठीद्वेषाचे लक्षण नसून राज्याने सोडलेल्या जागेचे भाडे आहे.

विदर्भाला हे अनोळखी नाही. जो खर्च पूर्वी व्हावयास हवा होता आणि झाला नाही, त्याला येथे एक स्वतंत्र शब्द आहे : 'अनुशेष'. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली तो मोजून मांडला. म्हणजे एका प्रदेशाच्या वाट्याला आलेल्या सक्तीच्या काटकसरीचा तो अधिकृत हिशेब होता. तो भरून काढण्यासाठी १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. आणि पुढे ढकललेला खर्च स्वस्त पडतो या समजाचे उत्तर वैनगंगेवर उभे आहे. १९८३ च्या सुमारास ३७२ कोटी रुपयांचा मानलेला गोसीखुर्द प्रकल्प अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. त्याला निधीची चणचण हे एकच कारण नव्हते. भूसंपादन, पुनर्वसन, गैरव्यवहाराचे आरोप हेही होते. पण वर्षानुवर्षे थेंबाथेंबाने खर्च करणे म्हणजे बचत नव्हे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

५

आता प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडले पाहिजे. ते असे : राज्याच्या महसुलाचा फार मोठा भाग वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी रुपये अंदाजिली होती. कर्जाचा बोजा नऊ लाख कोटींच्या वर होता. केंद्राप्रमाणे राज्याला नोटा छापता येत नाहीत. राज्यघटनेच्या २९३ व्या अनुच्छेदान्वये कर्ज काढण्यासही केंद्राची संमती लागते, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराने कर बसविण्याचे स्वातंत्र्यही आकसले आहे. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शहाणपणच नव्हे काय?

यातील तथ्य नाकारण्याचे कारण नाही. कर्ज अमर्याद काढता येते, असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु अंथरुणाचे रूपक तपासून पाहावे. घरातला माणूस अंथरूण विणत नाही, ते त्याला मिळालेले असते. राज्यसंस्था मात्र आपले अंथरूण काही अंशी स्वतः विणते. कोणावर कर बसवावा, कोणाला मुद्रांक शुल्काची सवलत द्यावी, कोणाला वीजदरात सूट द्यावी, हे तीच ठरविते. शिवाय घराने खर्च कमी केला तर शेजाऱ्याचे उत्पन्न फारसे घटत नाही. राज्याने केला तर घटते. हुडकेश्वरच्या किराणा दुकानदाराचे उत्पन्न शिक्षकाच्या पगारातून येते. सर्वांनी एकाच वेळी बचत केली तर सर्वांचीच मिळकत खाली येते, ही गोष्ट केन्स यांनी १९३६ साली मांडली आणि ती अद्याप खोडली गेलेली नाही.

आकड्यांच्या पावित्र्याविषयीही सावध असावे. राजकोषीय तूट तीन टक्क्यांच्या आत हवी, हा दंडक केंद्राने २००३ च्या कायद्याने स्वीकारला; महाराष्ट्राचा तत्सम कायदा २००५ चा. तीन हा आकडा युरोपीय देशांच्या मास्ट्रिख्ट करारातही आहे. तो निसर्गनियम नाही, संकेत आहे. नव्वद टक्क्यांवर कर्ज गेले की विकास खुंटतो, असे राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी २०१० साली दाखविले आणि त्या निबंधाचा आधार घेऊन देशोदेशी कपातीचे समर्थन झाले. २०१३ साली मॅसॅच्युसेट्समधील एका संशोधक-विद्यार्थ्याने त्यांची गणिताची तक्ता-पत्रिका तपासली, तेव्हा काही देशांच्या ओळी बेरजेतून सुटल्याचे आढळले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांनी मान्य केले की कपातीने उत्पन्न किती घटेल, याचा अंदाज कमी धरला गेला होता. ग्रीसमधील दवाखान्यांना तोवर कपातीची झळ बसली होती.

आणि महाराष्ट्राचे अंथरूण खरोखर तोकडे आहे काय? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पानुसार कर्जाचे राज्य-उत्पन्नाशी प्रमाण एकोणीस टक्क्यांच्या आत होते; शासन स्वतःच पंचवीस टक्क्यांची मर्यादा सांगून आपली स्थिती सुरक्षित असल्याचा निर्वाळा देत असते. गुंतवणूकदारांसमोर श्रीमंत आणि शिक्षकांसमोर निर्धन, अशा दोन संहिता एकाच सचिवालयातून निघतात. जुलै २०२४ पासून स्त्रियांना दरमहा पंधराशे रुपये देणारी योजना आली आणि २०२५-२६ साठी तिला ३६,००० कोटी रुपये ठेवले गेले. या पंधराशे रुपयांना नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या स्त्रीचे श्रम आजवर मोजलेच गेले नाहीत तिच्या हाती ते पडले, तर त्यात गैर काय? गैर आहे ते पुढचे. मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचा मिळून सुमारे ७४६ कोटी रुपयांचा निधी वळविण्यात आला. म्हणजे एका वंचिताच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात वाढले आणि वाढप्याने औदार्याचे श्रेय घेतले. 'लाभार्थी' हा शब्द येथे लक्षात घ्यावा : हक्कदाराला मागता येते, लाभार्थ्याला केवळ मिळते, आणि मिळणे केव्हाही थांबू शकते.

याहून वेगळे करता येते, याचा पुरावा याच राज्याच्या इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळात तिजोरी काही भरलेली नव्हती. तरीही वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्या निधीसाठी १९७५ साली नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला गेला. १९७७ साली तिचा कायदा झाला. टंचाईच्या काळात राज्याने पाय आखडले नाहीत, अंथरूण रुंद केले, आणि त्यासाठी पगारदारांकडून दोरा मागितला. त्या योजनेतही उणिवा होत्या, मजुरी अल्प होती. पण तिच्या नावातला शब्द 'हमी' हा होता. 'हमी'पासून 'मानधना'पर्यंतचा प्रवास हा आपल्या राज्यसंस्थेच्या नैतिक शब्दकोशाचा इतिहास आहे, आणि तो लिहावयाचा राहिला आहे.

६

तो समीक्षेने का लिहिला नाही? अर्थकारण हा आपला प्रांत नव्हे, असे उत्तर दिले जाते. मराठी विचारपरंपरेला हे उत्तर मान्य होणारे नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी मुख्यतः सरकारी जमाखर्चाचेच वाचन केले होते : सारा भरतो शेतकरी आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे प्रतिपादन होते. डॉ. आंबेडकरांनी प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील आपला ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध केला. १९२७ च्या मार्चमध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना त्यांनी दाखवून दिले की सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. आकड्याला बोलते करण्याची ही रीत वाङ्मयीन विवेकाचीच रीत आहे. ज्यांचे वारस म्हणवून घेण्यात आम्ही धन्यता मानतो, त्यांनी प्रांत वाटून घेतले नव्हते.

खरे कारण अधिक अडचणीचे आहे. समीक्षा ज्या संस्थांच्या आश्रयाने जगते, त्या संस्था अनुदानावर जगतात. अखिल भारतीय साहित्य संमेलनाला राज्य शासन दोन कोटी रुपये देऊ लागले आहे. दिल्लीत २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या संमेलनालाही ते मिळाले. आता दुसरा आकडा घ्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या 'ड' वर्ग ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये साठ टक्के वाढ होऊन ते ४८,००० झाले. त्यातील निम्मे वेतनासाठी धरले, तर वाढीपूर्वी ग्रंथपालाच्या हाती महिन्याला साडेबाराशे रुपये पडत, वाढीनंतर दोन हजार. शेतमजुरीचा महिन्याचा हिशेब याहून मोठा होतो. संमेलनाच्या तीन दिवसांवर जी रक्कम दिली जाते, तीत अशी चारशे सोळा ग्रंथालये वर्षभर चालतात. संमेलन नको, असे म्हणणे नाही. परंतु मांडवात वाचनसंस्कृतीवर परिसंवाद घेताना खेड्यातील ग्रंथपालाचे मासिक उत्पन्न एकदाही उच्चारले जाऊ नये, याला संकोच म्हणावे की सौदा?

४ मे २०२० च्या शासन निर्णयाने महामारीचे कारण देऊन विकासकामांसाठी केवळ तेहतीस टक्के निधी उपलब्ध होईल असे ठरविले आणि आरोग्याचा अपवाद वगळता नव्या पदभरतीवर बंदी घातली. महाविद्यालयांतील मराठीचे विभाग त्याआधीपासूनच तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या खांद्यावर होते. तासाप्रमाणे मोबदला घेणारा, सुटीत बिनपगारी असणारा, पुढच्या जूनमध्ये नेमणूक होईल की नाही हे ठाऊक नसलेला हा माणूस आमच्या नियतकालिकांचा लेखकही आहे आणि वाचकही. त्याने कोणत्या निवांतपणात ग्रंथ वाचावेत, कोणत्या निर्भयपणे विभागप्रमुखाच्या पुस्तकावर प्रतिकूल अभिप्राय लिहावा? समीक्षेची पीछेहाट झाल्याची खंत दर संपादकीयात व्यक्त होते. त्या खंतीत नेमणूकपत्राचा उल्लेख नसतो. टीकेचे स्वातंत्र्य हे अखेर महिन्याच्या एक तारखेशी बांधलेले असते, ही गोष्ट सौंदर्यशास्त्राला लहान वाटली तरी खरी आहे.

तेव्हा मागणी मोठी नाही. प्रत्येक वाङ्मयीन नियतकालिकाने अंकागणिक एका शासन निर्णयाचे परीक्षण छापावे, कवितासंग्रहाचे छापते तसेच : त्यातील कर्ता कोण, विशेषणे कोणती, कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जागी आला, आणि त्या बदलीची किंमत कोणत्या घराने मोजली. मराठी विभागांनी शैलीविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत असा एक उतारा घालावा. साहित्य संस्थांनी अनुदान घेताना आपल्या जिल्ह्यातील 'ड' वर्ग ग्रंथालयाच्या अनुदानाचा आकडा व्यासपीठावरून वाचून दाखवावा. यासाठी कोणतीही आर्थिक तरतूद लागत नाही. काटकसरीच्या कोणत्याही निकषात हे बसते. एवढेही ज्या समीक्षेला जमणार नाही, तिने सत्ता आणि भाषा यांच्या संबंधांविषयी पुन्हा लिहू नये.